गडग्यातली पाल: शाहूवाडी तालुक्यातल्या एका नोंदीचा अभ्यास

कोल्हापूर जिल्ह्यात बोटभर लांबीची, मातकट रंगाची, भर दिवसा दगडावर बसलेली पाल कुणी पाहिली आणि तिचा फोटो निसर्गप्रेमींच्या एखाद्या गटात टाकला, की बहुतेक वेळा काही मिनिटांत तिला नाव मिळतं: निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. जिल्हा कोल्हापूर, नाव कोल्हापूरचं, म्हणजे जुळलं. इथे मांडलेल्या प्रकरणात सुरुवात नेमकी अशीच झाली. पुढे तो प्राणी खालून पाहायला मिळाला आणि नाव बदलावं लागलं. अशा छोट्या पालींची ओळख कशावर ठरते आणि कशावर ठरत नाही, हे या एका नोंदीतून चांगलं दिसतं, म्हणून ती सविस्तर लिहितो आहे.

नोंद शाहूवाडी तालुक्यातली आहे. मलकापूरहून आंब्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत गेलं की लागणाऱ्या एका वाडीतली. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. याच निमास्पिस नावाखाली मोडणारी सायकेडेलिका ही व्हिएतनाममधली रंगीत पाल 2010 मध्ये विज्ञानाला माहीत झाली आणि काही वर्षांतच युरोपातल्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात विकायला आली. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणावी लागली. आपल्या पाली तितक्या रंगीत नाहीत, पण काहींचा वावर एखाद्या डोंगरापुरता, एखाद्या घाटापुरता असू शकतो. अशा प्राण्याचा पत्ता जगजाहीर करण्यातून कुणाचंच भलं होत नाही.

फोटो पाठवणारी मुलगी कोल्हापुरात कॉलेजात शिकते आणि आमच्या निसर्ग मंडळात येते. गणपतीच्या सुट्टीत ती गावी गेली होती. घरामागे जांभ्या दगडाचा जुना गडगा, म्हणजे दगड रचून केलेली भिंत, आहे, त्यावर शेवाळ आणि नेचे वाढलेले. त्या गडग्याच्या एका दगडावर सकाळी दहाच्या सुमाराला ही पाल बसलेली होती. मुलीने वरून फोटो काढला. आज्जी शेजारीच भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, "पालीचं पिल्लू हाय ते. पर ही घरात कवा येत न्हाई बघ, गडग्यातच असती." मुलीने फोटोसोबत हे वाक्यही लिहून पाठवलं, हे तिने फार चांगलं केलं. प्राणी कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही हे वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसाचं निरीक्षण फोटोइतकंच मोलाचं असतं. पिल्लू असल्याचा अंदाज आकारामुळे आला होता आणि तो साहजिक होता. पण पिल्लं असती तर वर्षातल्या कुठल्यातरी काळात मोठीही तिथेच दिसली असती, आणि आज्जींच्या आठवणीत त्या गडग्यात मोठी पाल कधीच नव्हती.

पहिल्या फोटोत काय होतं?

डोळा स्पष्ट होता, आणि तिथूनच सुरुवात करायची असते. घरात दिव्याभोवती फिरणाऱ्या पाली हेमिडॅक्टायलस या प्रजातीतल्या असतात. (प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट, या अर्थाने हा शब्द पुढेही वापरतो.) त्यांची बाहुली उभी असते आणि उजेडात ती चिरेसारखी बारीक होते. या फोटोत स्वच्छ ऊन असूनही बाहुली पूर्ण गोल होती. दुसरं म्हणजे बोटं. घरपालीच्या बोटांची टोकं रुंद, चपटी असतात आणि त्यांच्या खाली पट्ट्यांच्या जोड्या असतात. त्यांच्याच जोरावर ती छताला उलटी चालते. इथे बोटं सडपातळ, मध्येच वाकलेली आणि टोकाला बारीक नखी असलेली होती. गोल बाहुली, बारीक बोटं, चार सेंटीमीटरांच्या आतलं धड आणि दिवसाचा वावर हे सगळं एकत्र आलं की आपल्या भागात निमास्पिस ही प्रजाती सांगायला हरकत नाही. मराठीत त्यांना दिनचर पाली म्हणतात.

इथपर्यंत पाठीचा फोटो पुरतो. इथून पुढे तो पुरत नाही, आणि चूक होते ती इथेच.

रंगावर जाता येत नाही. याच पाली दिवसा गडद दिसतात आणि रात्री झोपलेल्या असताना फिक्या पडतात. दगड ओला असेल तर वेगळ्या दिसतात, घाबरल्या तर आणखी वेगळ्या. काही जातींत नराचा गळा किंवा पोट पिवळं होतं, पण तो रंगही वरून दिसत नाही. शेपटीवर जावं तर या फोटोतली शेपूट पुन्हा उगवलेली होती. मुळाशी खवल्यांची मूळ रचना होती आणि एका ठिकाणी अचानक ती बदलून सपाट, एकसारखी झाली होती. तुटून पुन्हा आलेल्या शेपटीवर मूळ शेपटीसारख्या गाठी आणि खवल्यांची मांडणी परत येत नाही. त्यामुळे शेपटीची जी लक्षणं जाती वेगळ्या करायला वापरतात, ती या प्राण्याच्या बाबतीत हाती नव्हती.

पाठीवरचे खवले एकसारखे आहेत की बारीक दाण्यांमध्ये मोठ्या गाठी मिसळलेल्या आहेत, आणि कुशीवर काट्यासारख्या गाठी आहेत का, हे दोन प्रश्न पाठीच्या फोटोतून सुटू शकतात, पण त्यासाठी फोटो तसा जवळून आणि कडेने घेतलेला हवा. मोबाइलने उभ्याने काढलेल्या या फोटोत खवले मिसळून गेले होते.

नाव ठिकाणावरून

तरीही गटात नाव पडलं. कोल्हापुरेन्सिसच असणार, असं दोघा-तिघांनी लिहिलं. एकाने तर जातीचं वर्णन केव्हा झालं तेही बरोबर सांगितलं. 2009 मध्ये वरद गिरी, आरन बाउर आणि क्षमता गायकवाड यांनी झूटॅक्सा या नियतकालिकात उत्तर सह्याद्रीतली ही नवी जात मांडली आणि तिला कोल्हापूरचं नाव दिलं. माहिती खरी होती, पण या फोटोतल्या प्राण्याबद्दल ती काहीच सांगत नव्हती.

ही सवय कशी लागली ते समजून घ्यायला हवं, कारण एकेकाळी ती तितकी चुकीची नव्हती. गोएन्सिस ही जात 1976 मध्ये गोव्यातून आणि इंद्रनीलदासाय ही 2002 मध्ये कर्नाटकातून मांडली गेली होती. महाराष्ट्राच्या घाटांतल्या दिनचर पालींना तेव्हा मोजकीच नावं उपलब्ध होती. यादी इतकी छोटी असली की ठिकाणावरून अंदाज बांधणं व्यवहारात चालून जातं. नंतर चित्र झपाट्याने पालटलं. 2014 मध्ये साताऱ्याजवळच्या कास पठारावरून निमास्पिस गिरी आली. 2016 मध्ये आंबोलीतून पिवळ्या पोटाची फ्लॅव्हिव्हेंट्रॅलिस. 2018 मध्ये उत्तर सह्याद्रीतून एकाच शोधनिबंधात चार जाती: अजीजे, आंबोलिएन्सिस, लिमयेई आणि महाबली. 2019 मध्ये कोयनाएन्सिस आणि आंबा, यातली दुसरी आपल्याच जिल्ह्यातल्या आंबा गावाच्या नावाची. बर्कीचं नाव असलेलीही एक जात आता आहे. म्हणजे नुसत्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला आज एकाहून अधिक उमेदवार उभे आहेत, आणि जिल्ह्याचं नाव त्यातल्या एकीलाच मिळालेलं आहे. ते नाव तिला ती पहिल्यांदा कुठून ओळखली गेली त्यावरून मिळालं. त्या नावाचा अर्थ जिल्ह्यातली प्रत्येक दिनचर पाल तीच, असा होत नाही.

ठिकाण निरुपयोगी आहे असं मात्र नाही. कोणत्या जातींचा विचार करायचा याची यादी ठिकाणच देतं. निकाल शरीरावरच्या लक्षणांनी द्यायचा असतो. या दोन कामांची सरमिसळ केली तर नोंदवहीत गोल गोल फिरणारा पुरावा जमा होतो. आपण एका गावची पाल कोल्हापुरेन्सिस म्हणून नोंदवतो, ती नोंद नकाशावर चढते, आणि पुढचा माणूस शेजारच्या गावात पाल पाहून म्हणतो की नकाशावर तर इथे हीच जात आहे. खवला कुणीच पाहिलेला नसतो. मला हा प्रकार फार गंभीर वाटतो. एखाद्या जातीचा वावर आहे त्याहून मोठा दिसला तर तिच्या संरक्षणाची निकड कमी भासते, आणि तिच्या आड लपलेली दुसरी जात तर कागदावर येतच नाही.

म्हणून मुलीला कळवलं की नोंद सध्या निमास्पिस एवढीच ठेव, जातीची जागा रिकामी सोड, आणि पुन्हा दिसली तर कडेने आणि जमलं तर खालून फोटो घे. पकडायला मात्र जाऊ नको.

पातेल्यातला नर

खालून फोटो घ्यायची संधी अनपेक्षितपणे आली. गडग्याला टेकून वाळत घातलेलं स्टीलचं मोठं पातेलं रात्री वाऱ्याने सरळ झालं असावं. सकाळी त्यात एक पाल होती. मुलीने फोन केला तो पालीमुळे कमी आणि एका प्रश्नामुळे जास्त: "सर, ही पाल असून वर का चढंना? दोन वीत तर पातेलं हाय."

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा होता. घरपाल असती तर काचेवर चालते तशी ती पातेल्याच्या उभ्या भिंतीवरून सहज निघून गेली असती. दिनचर पालीच्या बोटांना तशी रुंद चिकट गादी नसते. ती नखांच्या आधाराने खडबडीत दगडावर आणि खोडावर चढते, गुळगुळीत धातूवर तिची नखं कशात अडकणार? पातेल्यात ओल असती तर घरपालही घसरली असती, त्यामुळे या एका गोष्टीवर निर्णय देता येत नाही. पण बोटांची रचना आधीच्या फोटोत दिसली होती आणि इथे तिचं काम दिसलं. लक्षण आणि वागणूक एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा ओळख पक्की होत जाते.

पाल बाहेर काढायचीच होती. मुलीने पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा पातेल्यात आडवा धरला, पाल आपणहून आत गेली, मग झाकण लावून तिने डबा उचलला आणि खालून मोबाइलने फोटो घेतले. लगेच डबा गडग्याच्या त्याच कोपऱ्यात उघडला. प्राणी हातात धरला नाही, रात्रभर ठेवला नाही, कोल्हापूरला आणला नाही. हे आवर्जून लिहितो, कारण उत्साहात बरण्या भरून पाली आणणारी मुलं पाहिली आहेत. अभयारण्यात तर परवानगीशिवाय कोणत्याही वन्यप्राण्याला हात लावता येत नाही, आणि बाहेरही अभ्यासासाठी नमुने गोळा करणं हे वनविभागाची परवानगी घेतलेल्या संशोधकांचं काम आहे.

डब्याच्या तळातून काढलेल्या फोटोंपैकी एक उत्तम आला होता. त्यात दोन्ही मांड्यांची खालची बाजू, अवस्कराच्या (शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलद्वाराच्या) पुढचा भाग आणि पोट एकाच वेळी दिसत होतं. दिनचर पालींच्या ओळखीत सगळ्यात जास्त बोलणारा भाग हाच. बऱ्याच जातींच्या नरांमध्ये मांडीखाली, किंवा अवस्कराच्या पुढे, किंवा दोन्हीकडे काही खवल्यांच्या मध्ये बारीक छिद्रं असतात. त्यांतून मेणासारखा स्राव येतो आणि वासाचा संदेश मागे राहतो. छिद्रं कुठे आहेत, किती आहेत, सलग आहेत की मध्ये खंड आहे, यावर जातींचे मोठे गट वेगळे पडतात. आपल्या भागातल्या जातींत माद्यांना आणि पिल्लांना ती नसतात. म्हणूनच अवस्करानंतर शेपटीच्या मुळाशी फुगवटा दिसतो का, म्हणजे प्राणी नर आहे का, हे आधी पाहावं लागतं. इथे फुगवटा होता.

कोल्हापुरेन्सिसच्या नरात ही छिद्रं एका मांडीपासून निघून अवस्कराच्या पुढून दुसऱ्या मांडीपर्यंत न तुटता जातात, आणि मूळ वर्णनाप्रमाणे त्यांची एकूण संख्या 24 ते 28 असते. इतकी लांब, अखंड रांग आपल्या दिनचर पालींमध्ये अगदी वेगळी उठून दिसते. तिच्या कुशीवर काट्यासारख्या गाठीही नसतात. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा या नराच्या प्रत्येक मांडीवर चार छिद्रं होती आणि त्यांच्या मधला सगळा भाग, अवस्कराच्या पुढचाही, साध्या खवल्यांचा होता. दोन छोटे तुकडे आणि मध्ये मोठी मोकळी जागा. फोटोच्या धूसरपणामुळे एखादं छिद्र सुटलं असेल असं मानलं तरी चाराचे पाच होतील. मधली रांग दिसली नाही असं होणार नाही, कारण पोटाचा मधला भागच फोटोत सगळ्यात स्पष्ट होता.

तेव्हा हा नर कोल्हापुरेन्सिस नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यात, कोल्हापुरी गडग्यात राहूनही नव्हता.

दुसरं नाव, तीच वाट

गटात हे कळवल्यावर लगेच दुसरं नाव आलं. मांडीवर मोजकी छिद्रं, मध्ये खंड, आणि ठिकाण आंब्याच्या रस्त्यावरचं, म्हणजे निमास्पिस आंबा. पहिल्या नावापेक्षा हा अंदाज नक्कीच बरा होता, कारण आता निदान एक खरं लक्षण पाठीशी होतं. पण वाट तीच होती. लक्षणाने गट दाखवला होता आणि जात पुन्हा गावाच्या नावावरून उचलली गेली होती.

फक्त मांडीवर अशी थोडी छिद्रं असणं हे गिरी आणि तिच्या जवळच्या अनेक जातींचं सामायिक लक्षण आहे. गिरीमध्येही प्रत्येक मांडीवर चार छिद्रं असल्याची नोंद आहे, म्हणून हा प्राणी कासच्या पठारावरची गिरी ठरत नाही, आणि आंबा गाव जवळ आहे म्हणून तो आंबाही ठरत नाही. या जाती एकमेकींपासून वेगळ्या करताना पाठीवर गाठींच्या किती रांगा आहेत, पोटावर आडव्या रेषेत किती खवले आहेत, चौथ्या बोटाखाली किती पट्ट्या आहेत, शेपटीखालचे मधले खवले मोठे आहेत की नाहीत, अशा गोष्टी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. त्याच्या जोडीला पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या एनडी-2 या जनुकाचा क्रम तपासतात. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्यामुळेच गेल्या दशकात इतक्या जाती वेगळ्या करता आल्या. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या पाली एकेका डोंगररांगेत दीर्घकाळ वेगळ्या राहिल्या आहेत, हे जनुकांनी दाखवलं. दऱ्या, खिंडी आणि उघडे सडे ओलांडून जाणं एवढ्या छोट्या, ओलाव्याला आणि सावलीला धरून राहणाऱ्या प्राण्याला सोपं नसतं.

डब्यातल्या फोटोत पोटाचे खवले गुळगुळीत दिसत होते, पण मोजता येतील इतके स्पष्ट नव्हते. बोटाखालच्या पट्ट्या एका पायावर दिसत होत्या, दुसरा पाय दुमडलेला होता. मोजता न येणारी गोष्ट अंदाजाने भरली नाही. नोंद अशी झाली: निमास्पिस, प्रौढ नर, छिद्रं फक्त मांडीवर, कोल्हापुरेन्सिस नाही, गिरीच्या जवळच्या गटातला असण्याची शक्यता, जात अनिश्चित.

"अनिश्चित" लिहायला पुष्कळांना कमीपणा वाटतो. मला ही नोंद पहिल्या फोटोवरच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. तिच्यात एक जात पुराव्यानिशी वगळलेली आहे, गट सुचवलेला आहे, आणि पुढच्या माणसाला काय तपासायचं ते कळतं. एखाद्या परवानगीधारक संशोधकाने त्या भागात काम करायचं ठरवलं तर त्याला या ओळीतून दिशा मिळेल. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संग्रहांमध्ये जतन केलेल्या मूळ नमुन्यांशी तुलना करणं हे त्याचं पुढचं काम असेल.

प्रजातीचं नावही हलू शकतं

आज आपण निमास्पिस म्हणतो ती प्रजाती 1887 मध्ये स्ट्राउख याने मांडली, आणि तिची आधारभूत जात, म्हणजे जिच्याशी प्रजातीचं नाव कायमचं जोडलेलं असतं ती जात, व्हिएतनामजवळच्या बेटांवरची आहे. आफ्रिका, दक्षिण आशिया आणि आग्नेय आशिया या तिन्हीकडच्या गोल बाहुलीच्या छोट्या पाली बराच काळ याच नावाखाली होत्या. जनुकांच्या अभ्यासातून हे तीन गट एका पूर्वजाचे नाहीत असं दिसलं. दिवसाचं जगणं आणि बारीक बोटं ही लक्षणं वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आली होती. आफ्रिकेतल्या पाली आता अँसिलोडॅक्टायलस या प्रजातीत गेल्या आहेत. आधारभूत जात आग्नेय आशियातली असल्यामुळे नामकरणाच्या नियमांप्रमाणे मूळ नावावर पहिला हक्क त्या गटाचा. सह्याद्रीतल्या पालींचं प्रजातीनाव कायम हेच राहील असं धरून चालता येत नाही. उद्या ते बदललं तर ज्या नोंदीत बाहुली, बोटं, छिद्रं आणि जागा नीट लिहिलेली आहे, ती नव्या नावाखाली सहज नेता येईल. जिच्यात नुसतं नाव आहे, तिचं काय करायचं हे कुणाला ठरवता येणार नाही.

शेवटचा प्रश्न मुलीनेच विचारला. पातेल्यातली पाल कोणत्या गटातली ते कळलं, मग गडग्यावरच्या पहिल्या फोटोतली पालही तीच समजायची ना? गडगा तर एकच.

तसं समजता येत नाही. पहिल्या फोटोतल्या पालीची शेपूट पुन्हा उगवलेली होती आणि पातेल्यातल्या नराची शेपूट टोकापर्यंत मूळची होती, म्हणजे हे दोन वेगळे प्राणी. पहिली नर होती की मादी हेही ठाऊक नाही. सह्याद्रीत एकाच परिसरात दोन जाती राहू शकतात, एक पानोळ्यात (गळलेल्या पानांच्या थरात) जमिनीलगत आणि दुसरी दगडावर किंवा खोडावर. कोल्हापुरेन्सिसचं मूळ वर्णनच जमिनीवर राहणारी जात म्हणून झालं आहे, आणि त्या गडग्याच्या पायथ्याशी पानोळा भरपूर आहे. जिल्ह्यावरून नाव देणं आणि गडग्यावरून नाव देणं यांत फरक फक्त अंतराचा आहे.

त्यामुळे वहीत दोन ओळी आहेत. पातेल्यातल्या नरासमोर वर लिहिलेला तपशील आहे. गडग्यावरच्या पालीसमोर "निमास्पिस, लिंग अज्ञात, शेपूट पुनरुत्पन्न, फक्त पाठीचा फोटो" एवढंच. दिवाळीत मुलगी पुन्हा गावी जाईल. गडग्याच्या पायथ्याचा पानोळा आणि वरचे दगड वेगवेगळे पाहायचे, दोन्हीकडे दिसलेल्या पालींचे कडेने फोटो घ्यायचे आणि कोणती पाल कुठे बसली होती ते लिहायचं, असं ठरलं आहे. आज्जींनाही विचारायचं आहे की पानोळ्यातली आणि दगडावरची अशा दोन वेगळ्या पाली त्यांनी कधी पाहिल्या आहेत का.